कंपाऊंड धनुष्य बसवणं आणि साइट लावणं : नागपुरातल्या नवख्या तिरंदाजांसाठी

नवीन कंपाऊंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य, घेतलं की बहुतेकांचा हात आधी साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या साधनाच्या, स्क्रूकडे जातो. बाण डावीकडे गेला, फिरव स्क्रू. खाली गेला, पुन्हा फिरव. तासाभराने बाण कुठेही जाऊ लागतात आणि दोष धनुष्याला दिला जातो. खरं तर साइट ही सगळ्यात शेवटी लावायची गोष्ट आहे. धनुष्य तुमच्या अंगाला बसलेलं नसेल, बाण त्या धनुष्याच्या जोडीचा नसेल, पीप, म्हणजे दोरीत बसवलेलं नेम धरायचं बारीक भोक, डोळ्यासमोर येत नसेल, तर साइट कितीही फिरवा, ती जागेवर येणार नाही. म्हणून या लेखात काय करायचं त्याइतकंच कोणत्या क्रमाने करायचं याला महत्त्व दिलं आहे.

नागपुरात सध्या या खेळाकडे वळणारी मुलं वाढली आहेत आणि त्याला कारणही तसंच आहे. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंडचा विश्वविजेता झाला. अंतिम फेरीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण, आणि प्रतिस्पर्ध्याचे १४९. साताऱ्याची अदिती स्वामी त्याच स्पर्धेत महिलांची विजेती ठरली. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं आणली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदा येतो आहे. तेव्हा आत्ता सुरुवात करणाऱ्या मुलांसमोर मोठी वाट आहे.

शिकारीचा विचार असेल तर आधी हे वाचा

परदेशातले व्हिडिओ पाहून काही जण थेट विचारतात, ‘शिकारीसाठी क्रॉसबो किंवा कंपाऊंड कसं लावायचं?’ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत बंदुकीबरोबर धनुष्यबाणाचंही नाव आहे. परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरणं हा वेगळा गुन्हा आहे. नागपूरच्या आसपास पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा एवढी जंगलं आहेत. त्यामुळे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सफारीला किंवा त्या भागात फिरायला निघालात, तर गाडीच्या डिकीतलं धनुष्य आधी घरी उतरवून ठेवा. रविवारी सकाळी सराव आणि तिथूनच थेट जंगल, असा बेत आखू नका.

शिकारीचं पातं असलेली बाणाची टोकं विकत घेऊ नका. कोणत्याही रेंजवर ती चालत नाहीत, बट्रेस, म्हणजे टार्गेटमागची बाण अडवणारी गादी, फाडतात आणि हातही कापतात. आपल्याला लागतं ते साधं टार्गेट पॉइंट. ज्याला अचूकतेची ओढ आहे, त्याला ५० मीटरवरचं ८ सेंटिमीटरचं दहा गुणांचं वर्तुळ आयुष्यभर पुरतं.

जागा

गच्चीवरून नाही, गल्लीत नाही, लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर नाही. वर तोंड करून सुटलेला कंपाऊंडचा बाण तीनशे मीटरच्या पुढे सहज जातो, आणि आपल्या लेआउटमध्ये तीनशे मीटरवर कुणाचं तरी अंगण असतंच. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी केली, तर शहरातली मान्यताप्राप्त केंद्रं आणि प्रशिक्षक कळतात. सुरुवात तिथूनच करा. पहिले काही आठवडे केंद्राचं धनुष्य वापरा, स्वतःचं नंतर घ्या. आपल्याकडे बरीच मुलं बांबूच्या धनुष्यावर, म्हणजे इंडियन राउंडवर सुरुवात करतात आणि मग कंपाऊंडकडे येतात. ती वाट लांबची असली तरी चांगली आहे, कारण पाठीचे स्नायू वापरायची सवय तिथे लागते.

धनुष्य तुमच्या मापाचं करा

पहिलं माप ड्रॉ लेंग्थचं, म्हणजे दोरी किती मागे यायची त्याचं. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात सरळ आडवे पसरा, ताणू नका. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. त्या मापाला २.५ ने भागा. पसारा १६५ सेंटिमीटर असेल तर ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. १७५ असेल तर ७० सेंटिमीटर, म्हणजे साडेसत्तावीस इंच. हा फक्त अंदाज आहे. खरं माप प्रशिक्षकाने बाजूला उभं राहून तुम्हाला पूर्ण ओढलेल्या स्थितीत पाहिल्यावरच ठरतं.

धनुष्य लांब पडत असेल तर कंबर मागे झुकते, डोकं दोरीला भेटायला मागे जातं, सोडणारा हात कानामागे पोहोचतो आणि दोरी पुढच्या हाताला चाटून जाते. आखूड असेल तर खांदे वर चढतात आणि कोपर बाहेर राहतो. दुकानदार कधी कधी ‘वाढत्या वयाचा आहे’ म्हणून एक इंच लांब देतात. कपड्यांना हा हिशेब चालतो, धनुष्याला चालत नाही. बहुतेक धनुष्यांत कॅमवरचं मॉड्यूल सरकवून अर्ध्या-अर्ध्या इंचाने माप बदलता येतं. वाढेल तसं बदला.

दुसरं माप वजनाचं, म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागतो त्याचं. स्पर्धेत कंपाऊंडला ६० पौंडांची कमाल मर्यादा आहे, पण नवख्याने तिकडे पाहूच नये. तरुण मुलामुलींना ३० ते ४० पौंड भरपूर होतात. परीक्षा अशी करा : खुर्चीवर बसा, बाण लावून धनुष्य टार्गेटकडे सरळ धरा आणि तसंच आडवं ओढा. ओढताना धनुष्य आकाशाकडे उचलावं लागलं किंवा पोट पुढे काढावं लागलं, तर वजन जास्त आहे. कंपाऊंडमध्ये शेवटी कॅम वळला की जोर एकदम कमी होतो. ४० पौंडांच्या धनुष्याला ७५ टक्के सूट असेल तर हातात १० पौंडच उरतात. त्यामुळे शेवटचं धरून ठेवणं सोपं वाटतं आणि आधीचा ओढा किती जड आहे हे लपून जातं.

वजन कमी-जास्त करायचे दोन बोल्ट असतात, वरच्या आणि खालच्या लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्टीला, एकेक. दोन्ही सारखेच फिरवायचे. वरचा एक फेरा, तर खालचाही एकच फेरा. किती फेऱ्यांपर्यंत सैल करायचं याची मर्यादा धनुष्याच्या पुस्तिकेत दिलेली असते, तिच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे लिम्ब जागेवरून निसटू शकतो.

डोळ्याचंही एकदा पाहून घ्या. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून दूरचा खांब पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब त्रिकोणातच राहतो, तो तुमचा नेमाचा डोळा. नेमाचा डोळा उजवा तर उजव्या हाताचं धनुष्य, ही साधी रीत. हात एक आणि डोळा दुसरा असं निघालं तर खरेदीच्या आधी प्रशिक्षकाशी बोला.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही : बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जाणारी सगळी ताकद तेव्हा लिम्ब, कॅम आणि कॅमना जोडणाऱ्या केबलमध्ये परत येते. दोरी तुटते, लिम्ब चिरतो, कधी तुकडे उडतात. पाहुणे घरी आले की ‘जरा ओढून पाहू का’ म्हणतातच. नम्रपणे नाही म्हणा.

बाण

बाणाच्या नळीवर ५००, ६००, ७०० असे आकडे असतात. नळी किती वाकते ते त्यावरून कळतं. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू देऊन मध्ये ठरावीक वजन टांगलं की नळी इंचाच्या किती हजारांश वाकली, तो हा आकडा. म्हणजे आकडा मोठा तितकी नळी मऊ. तुमच्या धनुष्याचं वजन, ड्रॉ लेंग्थ आणि बाणाची लांबी घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघायचं आणि तोच आकडा घ्यायचा. मित्राकडे जास्तीचे बाण आहेत म्हणून घेतलेले बाण सहसा महागात पडतात, कारण चुकीच्या कडकपणाचा बाण साइटने सुधारत नाही.

लांबीत कंजूषी नको. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, पुढे किमान एक इंच राहायला हवं, नवख्याला दीड-दोन इंच बरं. बाण रेस्टच्या मागे घसरला आणि तसाच सुटला, तर तो हातातून आरपार जातो.

कार्बनचा बाण प्रत्येक फेरीनंतर तपासा. दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा, फिरवा, पुन्हा वाकवा, आणि कान द्या. करकर आवाज आला किंवा बोटाला चीर जाणवली, तर तो बाण तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या तळहातात घुसतात. बट्रेसमध्ये बाण बाणाला घासून लागला असेल तर ही तपासणी हमखास करा.

रेस्ट, डी-लूप आणि कॅम

बाण दोरीला काटकोनात असावा, आणि रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर, रेस्ट बसवायचं जे भोक असतं त्याच्या मध्यावरून त्याची रेषा जावी. तिथून सुरुवात करायची. काही जण नॉक, म्हणजे बाणाची दोरीत अडकणारी खाच, दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात, तेही चालतं. वरून पाहिल्यावर बाण दोरीच्या आणि पुढच्या स्टॅबिलायझरच्या (तोल धरणाऱ्या दांड्याच्या) रेषेत दिसायला हवा. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत साधारण २० ते २१ मिलिमीटर अंतर हा बहुतेक धनुष्यांचा सुरुवातीचा आकडा असतो.

डी-लूप म्हणजे नॉकच्या मागे दोरीला बांधलेला छोटा फासा; रिलीज, म्हणजे दोरी सोडायचं ट्रिगरचं साधन, त्यात अडकवायचं असतं. त्याच्या गाठी स्वतः बांधायला शिका, पण पहिल्या वेळी जाणत्या माणसाकडून बांधून घ्या. दोन्ही गाठी एकमेकींच्या उलट बाजूला, टोकं जाळून बोंड केलेलं, आणि पक्कडीने आतून ताणून घट्ट केलेल्या. लूप पूर्ण ओढलेल्या स्थितीत सुटला तर रिलीज धरलेली मूठ सरळ तुमच्या तोंडावर बसते. म्हणून त्या जागी दोरी झिजलेली, पांढरी पडलेली दिसली की लगेच बदला.

कॅमचं टायमिंग, म्हणजे वरचा आणि खालचा कॅम एकाच वेळी टेकतो का, हे दुसऱ्याने पाहायचं असतं. तुम्ही हळू ओढा, बाजूचा माणूस दोन्ही थांबे बघेल. एक आधी टेकत असेल तर केबलला पीळ द्यावा लागतो आणि त्याला बो-प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून दोरी सैल करायचं यंत्र, लागतं. हे काम घरी, गुडघ्यात धनुष्य दाबून करू नका. केंद्रावर किंवा साहित्याच्या दुकानात करून घ्या.

पीप

इथे घाई करू नका. डोळे मिटा. धनुष्य ओढा, रिलीजचा हात जबड्याखाली नेहमीच्या जागी टेकवा, दोरी नाकाच्या टोकाला हलकी लागू द्या. मान सैल, डोकं सरळ. आता डोळे उघडा. पीपच्या भोकातून साइटचं गोल कडं दिसायला हवं, आणि पीपचं वर्तुळ व साइटचं कडं एकात एक बरोबर बसायला हवं. त्यासाठी मान वर-खाली करावी लागत असेल, तर पीप चुकीच्या जागी आहे. मानेने पीपकडे जायचं नाही, पीप डोळ्याकडे आणायचा. पुन्हा डोळे मिटून ओढा, पुन्हा उघडा. चार-पाच वेळा सारखंच दिसलं की वर-खाली दोन्हीकडून दोऱ्याने पक्कं बांधून टाका, आणि पीपच्या जागी दोरीवर मार्करने बारीक खूण करा.

त्या खुणेला फार किंमत आहे. पीपपासून साइटपर्यंत अंतर साधारण ८५ सेंटिमीटर धरलं, तर पीप १ मिलिमीटर सरकला की ५० मीटरवर बाण जवळपास ६ सेंटिमीटर सरकतो. कालपर्यंत दहात लागणारा बाण आज आठात लागतो आहे आणि साइट तर तुम्ही हातही न लावता तशीच आहे, अशा वेळी आधी ही खूण बघा. नवी दोरी पहिल्या शे-दोनशे बाणांपर्यंत थोडी ताणते, पीप थोडा फिरतोही. तोवर साइटचे पक्के आकडे लिहायची घाई करू नका.

साइट बसवताना बबल

साइट रायझरला घट्ट बसवा आणि स्कोपमधला, म्हणजे साइटच्या गोल कड्यातला, पाण्याचा बबल धनुष्याशी जुळवा. धनुष्य कुठेतरी पक्कं धरून ठेवा, दोरीला गवंड्याच्या ओळंब्याने सरळ करा, मग बबल मध्ये येईल असा स्कोपचा स्क्रू फिरवा. साइट वरपासून खालपर्यंत सरकवून पाहा, बबल सगळीकडे मध्येच राहायला हवा. आपल्या सपाट मैदानावर एवढं पुरतं. चढ-उताराच्या फिल्ड स्पर्धेला जाल तेव्हा तिसऱ्या अक्षाचं, म्हणजे चढ-उतारावरही बबल खरा राहावा यासाठीचं, काम करावं लागेल, ते तेव्हा शिका.

बबलकडे दुर्लक्ष किती महाग पडतं ते बघा. धनुष्य १ अंश कलंडलं तर ५० मीटरवर बाण बाजूला साधारण एक रिंग, म्हणजे ४ सेंटिमीटर, सरकतो. १ अंश डोळ्याला दिसतही नाही.

भिंगाचा मोह सुरुवातीला टाळा. मोठ्या भिंगातून टार्गेट जवळ दिसतं, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि नवखा माणूस ती थांबवायच्या नादात ट्रिगरला झटका देतो. आधी नुसत्या पिनने किंवा कड्याने सराव करा.

कागदातून बाण

साइटला हात लावण्याआधीची ही शेवटची तपासणी. लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचा कागद ताणून लावा, मागे बट्रेस ठेवा आणि दोन मीटरवरून कागदातून बाण सोडा. एक गोल भोक आणि भोवती पिसांच्या तीन चिरा दिसल्या, तर बाण सरळ जातो आहे. शेपटीची चीर टोकाच्या भोकाच्या वर गेली असेल तर नॉक उंच आहे, म्हणून नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉक बसते ती जागा, थोडा खाली किंवा रेस्ट थोडी वर. चीर खाली गेली असेल तर उलट.

डाव्या-उजव्या चिरेचं मात्र घाईने काही करू नका. नवख्याच्या हातात ती बहुतेक वेळा मुठीमुळे येते. धनुष्य गच्च पकडलं की ते सुटताना वळतं. मूठ उघडी ठेवा, अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्यावर ग्रिप टेकू द्या, बोटं सैल. धनुष्य पडेल ही भीती वाटते, त्यासाठी बोटांची दोरी मिळते, ती बांधा. एवढं करूनही प्रत्येक बाणाला तशीच चीर आली, तरच रेस्ट अर्धा मिलिमीटर सरकवून बघा. चीर लहान झाली तर तीच दिशा, वाढली तर दुसरी.

आता साइट लावायची

पहिले बाण ५ मीटरवरून, रिकाम्या बट्रेसवर, टार्गेटचा कागद न लावता. इथे नेम बघायचाच नाही, फक्त सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायचं. ओढताना बोट ट्रिगरवर नको. पूर्ण ओढून, अँकर झाल्यावर, म्हणजे हात जबड्याखाली टेकल्यावर, नेम आल्यावरच बोट ट्रिगरवर. हा नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

५ मीटरवर एक गोष्ट नवख्यांना चकवते. बाण नेमापेक्षा खाली लागतो. कारण तुमचा डोळा आणि पीप बाणापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर वर असतात आणि एवढ्या कमी अंतरात बाणाला नेमाच्या रेषेपर्यंत वर यायला वाव मिळत नाही. म्हणून ५ मीटरवर साइट बारकाईने लावू नका. बाण बट्रेसच्या मध्यात जातो आहे एवढं पाहून १० वर जा, मग २० वर.

२० मीटरवर खरं काम सुरू होतं. ८० सेंटिमीटरचा कागद लावा. तीन बाण सोडा. मध्ये साइटला हात नाही, पहिला बाण कुठेही लागो. तिन्ही बाण झाल्यावर दुर्बिणीने किंवा जवळ जाऊन बघा. तिन्ही एकमेकांच्या जवळ असतील, तर त्यांचा मध्य कुठे आहे ते ठरवा. पसरलेले असतील तर साइट हलवायचा प्रश्नच येत नाही, तुमचं सोडणं अजून एकसारखं झालेलं नाही. परत तीन सोडा. एखादा बाण सुटतानाच तुम्हाला कळलं की झटका बसला, तर तो मोजणीतून बाहेर. एका बाणावर कधीच साइट हलवू नये. एक बाण तुमच्याबद्दल सांगतो, ग्रुप, म्हणजे जवळजवळ लागलेले बाण, साइटबद्दल.

ग्रुप जमला की नियम सोपा आहे : बाण जिकडे, साइट तिकडे. ग्रुप उजवीकडे, साइट उजवीकडे. ग्रुप वर, साइट वर. ग्रुप खाली, साइट खाली. सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण मन म्हणतं की बाण उजवीकडे जातो तर साइट डावीकडे न्यावी. पण साइट उजवीकडे नेली की ती पुन्हा मध्यावर आणायला तुम्ही धनुष्यच डावीकडे वळवता, आणि बाण मध्यात येतो.

किती हलवायची याचाही हिशेब आहे, अंदाजाने स्क्रू फिरवायची गरज नाही. ग्रुप मध्यापासून जितका दूर आहे, त्याला पीप ते साइटच्या अंतराने गुणा आणि टार्गेटच्या अंतराने भागा. पीप ते साइट ८५ सेंटिमीटर, टार्गेट २० मीटर आणि ग्रुप १० सेंटिमीटर दूर असेल, तर साइट ४ मिलिमीटरच्या किंचित पुढे सरकवायची. हीच १० सेंटिमीटरची चूक ५० मीटरवर असेल तर फक्त १.७ मिलिमीटर. आणि ५० मीटरवर एक रिंग, म्हणजे ४ सेंटिमीटर, यासाठी पाऊण मिलिमीटरही लागत नाही. आपलं पीप ते साइटचं अंतर एकदा दुसऱ्याकडून मोजून घ्या आणि वहीत लिहा. तुमच्या साइटचा एक क्लिक किती मिलिमीटरचा आहे तेही मोजा : वीस क्लिक फिरवा, पट्टीने मोजा, वीसने भागा. मग प्रत्येक अंतराला एक क्लिक म्हणजे किती सेंटिमीटर, हे तुमच्या तोंडावर असेल.

आधी वर-खाली जुळवा, मग डावं-उजवं. दोन्ही एकदम हलवलं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

२० ची खूण पक्की झाली की ३०, ४०, ५०. अंतर वाढेल तशी साइट खाली जाते. ३० वर गेल्यावर साइट आधी अंदाजाने सहा-सात मिलिमीटर खाली घ्या, म्हणजे बाण बट्रेसवर तरी लागेल. प्रत्येक अंतरावर किमान चार-पाच ग्रुप काढूनच आकडा लिहा. चार आकडे हाती आले की त्यांच्यातला फरक बघा. वीस ते तीस, तीस ते चाळीस, चाळीस ते पन्नास, ही अंतरं क्रमाने थोडी थोडी वाढत जायला हवीत. माफक पौंडाच्या धनुष्याला उदाहरणार्थ ७, पावणेआठ, सव्वाआठ मिलिमीटर. मधलंच एखादं अंतर लहान आलं, तर त्या आकड्यात चूक आहे, तिथे परत जा.

डावं-उजवं मात्र अंतरागणिक बदलायला नको. २० वर मध्यात, ३० वर थोडं डावीकडे, ४० वर आणखी डावीकडे, असं होत असेल तर साइटने ते दाबू नका. आधी बबल तपासा. तो बरोबर असेल तर रेस्ट किंचित उजवीकडे घ्या आणि २० पासून पुन्हा सुरू करा. बाण उजवीकडे सरकत असतील तर रेस्ट डावीकडे.

५० मीटरवर घाईने जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ३० मीटरवर सहाच्या सहा बाण ८० सेंटिमीटरच्या कागदाच्या पिवळ्यात, म्हणजे नऊ-दहात, सलग काही दिवस लागू लागले की पुढे जा. स्पर्धा ५० वर असते म्हणून पहिल्या महिन्यात ५० वर उभी राहणारी मुलं बाण शोधण्यात अर्धा सराव घालवतात, आणि बाण हरवला की आईवडिलांच्या खिशालाही ते लागतं.

नागपूरचं ऊन, वारा, पाऊस

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत त्याहून खूप जास्त. धनुष्य गाडीत ठेवून कुठेही जाऊ नका, अगदी दहा मिनिटंही नाही. उष्णतेने दोरी आणि केबल ताणतात, पीप सरकतो, कॅमचं टायमिंग बिघडतं, आणि गरम गोंदाने बसवलेली बाणाची टोकं सैल होऊन बट्रेसमध्येच राहतात. उन्हाळ्यात सराव सकाळी सहा ते साडेआठ. त्यानंतर ऊन तर असतंच, शिवाय जमीन तापून हवा थरथरते आणि टार्गेट हलल्यासारखं दिसतं. साइटचे आकडे दुपारी लिहू नका. सकाळच्या शांत हवेतले आकडे तेच खरे आकडे.

उन्हाची दिशाही लक्षात घ्या. ऊन साइटच्या कड्याच्या एका बाजूवर पडलं की डोळा त्या उजळ बाजूकडे ओढला जातो. ढग आले आणि ग्रुप अर्धी रिंग सरकला, तर साइट हलवण्याआधी थोडं थांबा.

वाऱ्यासाठी साइट हलवायची नाही. आपल्याकडचा वारा दर मिनिटाला बदलतो, तुम्ही साइट फिरवेपर्यंत तो थांबलेला असतो. बबल मध्ये ठेवा आणि नेम थोडा वारा येतो त्या बाजूला धरा, किंवा सरळ धनुष्य सैल करून झुळूक जाऊ द्या. ओढलेलं धनुष्य न सोडता परत सैल करता येणं हेही शिकायचं कसब आहे, पण ते टार्गेटकडे तोंड करूनच, बोट ट्रिगरपासून दूर ठेवून.

पावसाळ्यात दोरीला मेण लावा, दर आठवड्याला एकदा तरी. मेण बोटाने चोळून आत जिरवायचं, वर थर ठेवायचा नाही. मधल्या जाड दोऱ्याच्या वेष्टनावर आणि कॅममधून फिरणाऱ्या भागावर मेण नको. भिजलेलं धनुष्य पुसून, पिशवीबाहेर, पंख्याखाली वाळवा. पिशवीत ओलं राहिलं तर बोल्टना गंज धरतो आणि पुढच्या वेळी तेच अडकतात.

वहीत काय लिहायचं

धनुष्याचं वजन, ड्रॉ लेंग्थ, दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर, दोरी ते ग्रिपच्या खोलगट भागाचं अंतर, नॉकिंग पॉइंटची उंची, रेस्टचं रायझरपासून अंतर, पीपची दोरीवरची जागा, आणि २० ते ५० पर्यंतचे साइटचे आकडे. सोबत तारीख आणि कोणते बाण वापरले तेही. लिम्बच्या बोल्टवर आणि साइटच्या पट्टीवर मार्करने खुणा करा. दोन-तीन आठवड्यांनी ही मापं परत घ्या. दोन चाकांमधलं अंतर किंवा दोरी ते ग्रिपचं अंतर दोन-तीन मिलिमीटरने बदललं असेल, तर दोरी किंवा केबल ताणली आहे असं समजा, आणि साइटचा स्क्रू न फिरवता धनुष्य बो-प्रेसवर न्या.

नवी दोरी बसवली, बाण बदलले, वजन वाढवलं, चष्म्याचा नंबर बदलला, यातलं काहीही झालं तर साइटचे जुने आकडे अंदाजापुरतेच उरतात. पीपपासून पुन्हा सुरुवात करा, मग कागद, मग २० मीटर.